अनुभव नसताना पहिली नोकरी

मुंबई विद्यापीठाचे पदवीचे निकाल लागले की चिपळूण, खेड आणि गुहागर भागातली मुले-मुली, आणि पुष्कळदा त्यांचे आईवडीलही, मला एकच प्रश्न विचारतात. फायनान्स घेऊन पदवी मिळवली, पण जिथे अर्ज करावा तिथे अनुभव मागतात. मग पहिली नोकरी मिळायची कशी, आणि तिच्यासाठी मुंबईलाच जावे लागेल का? मी चिपळूणमध्ये एका कर सल्लागाराच्या कार्यालयात लेखाकाम सांभाळते आणि नव्या उमेदवारांच्या मुलाखतीही घेते, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येत असावा. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते. माझे मत असे आहे की पहिली नोकरी आपल्याच तालुक्याच्या गावी, एखाद्या सीएच्या किंवा कर सल्लागाराच्या लहान कार्यालयात शोधावी, तिथे किमान एक वर्ष मन लावून काम करावे आणि मुंबईचा विचार त्यानंतर करावा.

हे ऐकल्यावर बहुतेकांचा चेहरा उतरतो आणि त्याचे कारण मला समजते. तीन वर्षे पोर्टफोलिओ, डेरिव्हेटिव्ह आणि कंपन्यांचे मूल्यांकन शिकलेल्या मुलीला व्हाउचर लावायला बसवले, तर आपले शिक्षण फुकट गेले असे तिला वाटणारच. परंतु मुंबईतल्या गुंतवणूक क्षेत्रातही नवख्या पदवीधराच्या वाट्याला सुरुवातीला जे काम येते ते बहुतांशी नोंदी जुळवण्याचेच असते. म्युच्युअल फंडाचे रोजचे हिशेब, ग्राहकांची केवायसी, शेअर व्यवहारांची पूर्तता ही ती कामे. जानेवारी 2023 पासून आपल्या शेअर बाजारातले शेअर खरेदी-विक्रीचे व्यवहार साधारणपणे लगेच पुढच्या कामकाजाच्या दिवशी पूर्ण होतात. त्यामुळे आज झालेली खरेदी-विक्री, बँकेतली रक्कम आणि डिमॅट खात्यातले शेअर यांत फरक राहिला, तर तो शोधायला आठवडा मिळत नाही. असा फरक शोधण्याची नजर पुस्तकातून येत नाही. ती येते दुसऱ्याच्या खऱ्या पैशांचा ताळमेळ वारंवार लावल्याने, आणि तो लावण्याची संधी आपल्या गावातल्या कार्यालयात पहिल्या आठवड्यापासून मिळते.

शिवाय कोकणातल्या लहान कार्यालयात येणारे हिशेब एका साच्याचे नसतात. आंबा बागायतदार वाशीच्या दलालाकडून आलेल्या पट्ट्या, म्हणजे विक्रीचे हिशेब, घेऊन येतो. आंबा विकून मिळालेले उत्पन्न शेतीचे म्हणून करमुक्त असते, पण त्याच आंब्याचा पल्प काढून डबे विकले की त्यातला व्यवसायाचा भाग वेगळा काढावा लागतो आणि ताज्या फळावर नसलेला जीएसटी डबाबंद मालावर लागतो. यांत्रिक मासेमारी 1 जून ते 31 जुलै बंद असते, तेव्हा बोटमालकाची विक्री थांबते. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही आणि नव्या हंगामासाठी खलाशांना उचल द्यायची वेळही याच सुमारास येते. नफा आणि हातातली रोकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे वर्गात चार वेळा शिकवूनही जे मनावर ठसत नाही, ते असा एक जुलै महिना पाहिला की कायमचे कळते. लोटे परशुरामच्या कारखान्यांत काम घेणारे लहान ठेकेदार येतात, त्यांच्या बिलातून आधीच कापलेला आयकर, म्हणजे टीडीएस, आयकराच्या पोर्टलवर दिसतो की नाही ते पाहायचे असते. त्यातच काजूचे कारखाने, पतसंस्था, मच्छीमार सोसायट्या आणि घरगुती निवास चालवणारी कुटुंबे येतात. मोठ्या कंपनीत नवा मुलगा वर्षभर एकाच प्रकारची बिले पाहत राहू शकतो. इथे मात्र बँकेच्या पासबुकापासून ताळेबंदापर्यंतचा सगळा प्रवास त्याच्या हाताखालून जातो.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण मी 22 जुलै 2021 च्या महापुरानंतर पाहिले. चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली तेव्हा दुकानांतल्या मालाबरोबर वह्या, बिलांच्या फायली आणि संगणकही गेले. विम्याचा दावा करायचा तर दुकानात किती माल होता ते दाखवावे लागते, आणि ते दाखवणारे कागदच चिखलात होते. त्या काळात आमच्याकडे आलेल्या नव्या पदवीधरांनी पुरवठादारांनी जीएसटी पोर्टलवर भरलेल्या माहितीतून प्रत्येक दुकानदाराची खरेदी शोधून काढली, बँकांकडून खातेउतारे मिळवले, आधी भरलेल्या विवरणपत्रांतून विक्री घेतली आणि मागच्या ताळेबंदातल्या शिलकी मालापासून पुढे मोजत पुराच्या दिवशीचा साठा मांडला. ज्यांनी हे काम केले त्यांना लेखाशास्त्र कशासाठी असते हे कुणी समजावून सांगावे लागले नाही. समोर एक माणूस बसलेला असे, आणि त्याचे दुकान पुन्हा उघडेल की नाही हे त्या आकड्यांवर अवलंबून असे. या कामाला कारकुनी म्हणून कमी लेखले की मला मनापासून वाईट वाटते.

आता मागायचे कसे, ते सांगते. आमच्यासारख्या कार्यालयांच्या जाहिराती क्वचितच येतात. ओळखीतून किंवा थेट येऊन विचारणाऱ्यांतूनच माणसे घेतली जातात. तुमचे निकाल लागतात त्याच सुमारास आयकर विवरणपत्रांची गर्दी सुरू होते, पाठोपाठ लेखापरीक्षणाचा हंगाम येतो आणि हातांची गरज खरोखरच असते, म्हणून निकालाची वाट न पाहता शेवटची परीक्षा संपल्यावर लगेच भेटायला जावे. मात्र महिन्याच्या 11 आणि 20 तारखेच्या आसपास जाऊ नये. जीएसटीची मासिक विवरणपत्रे भरण्याच्या त्या शेवटच्या तारखा असतात आणि तेव्हा कुणालाच तुमच्याशी नीट बोलता येणार नाही. जाताना नुसता बायोडेटा नेण्यापेक्षा काहीतरी केलेले काम न्यावे. घरचे किंवा ओळखीतले दुकान असेल तर त्यांच्या परवानगीने एका महिन्याचे व्यवहार टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये भरावेत, बँकेच्या उताऱ्याशी ताळमेळ लावावा आणि जिथे फरक निघाला तिथे तो का निघाला ते दोन ओळींत लिहावे. असा एक कागद माझ्यासमोर आला तर मी गुणपत्रिका नंतर पाहते.

मुलाखतीत मी विचारते तो एक प्रश्न इथेच सांगून टाकते, कारण तो पाठ करून उपयोग होत नाही. घसारा, म्हणजे वापरामुळे मालमत्तेच्या किमतीत धरलेली घट, 100 रुपयांनी वाढला आणि कराचा दर 25 टक्के धरला, तर नफा-तोटा पत्रक, रोकड प्रवाह पत्रक आणि ताळेबंद या तिन्ही पत्रकांत काय बदलेल? नफा 100 नव्हे तर 75 रुपयांनी घटतो, कारण कर 25 रुपयांनी कमी होतो. घसाऱ्यापोटी रोख रक्कम बाहेर जात नसल्याने रोकड उलट 25 रुपयांनी वाढते. ताळेबंदात मालमत्ता 100 रुपयांनी उतरते, रोकड 25 रुपयांनी चढते, आणि एकूण 75 रुपयांची घट भांडवलाच्या बाजूलाही दिसल्याने दोन्ही बाजू जुळतात. पहिल्या फटक्यात उत्तर आले नाही तरी चालते. कागद मागून घेऊन जो शांतपणे मांडत जातो, त्याला मी घ्यावे असे सुचवते.

पगाराबद्दल स्पष्टच लिहिले पाहिजे. सुरुवातीचा पगार कमी असतो. घरी राहून, घरचे जेवून तो पुरतो, हाच त्याचा आधार. पण शिकवतो म्हणून महिनोन्महिने काहीच न देणारे कार्यालय असेल तर तिथे थांबू नये. सीए व्हायचे ठरलेच असेल तर गोष्ट वेगळी. वाणिज्य पदवीला 55 टक्के गुण असतील तर थेट इंटरमीजिएटला नोंदणी करता येते, आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, आता दोन वर्षांची आहे आणि तिचे किमान विद्यावेतन सीएंच्या संस्थेने ठरवून दिलेले असते.

नोकरी सांभाळून करण्याजोग्या परीक्षांत मी सहकार विभागाची जी.डी.सी. अँड ए. ही सहकार व लेखाकामाची शासकीय पदविका आधी सुचवीन. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 नुसार संस्थांचे दरवर्षी लेखापरीक्षण व्हावेच लागते, कोकणात पतसंस्था आणि सोसायट्या गावोगाव आहेत, आणि ही पदविका असलेल्या माणसाला त्या कामाचा रस्ता मोकळा होतो. शेअर बाजाराची ओढ असेल त्यांनी शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने स्थापन केलेल्या एनआयएसएम या प्रशिक्षण संस्थेची प्रमाणपत्रे पाहावीत. म्युच्युअल फंड वितरकांसाठीची परीक्षा अनेक पदवीधरांना एका महिन्याच्या अभ्यासात जमते, आणि त्या संस्थेचे आवार आपल्याच कोकणात, रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला आहे. सरकारी बँकांची लिपिक परीक्षा मराठीतूनही देता येते. पण केवळ या परीक्षेसाठी नोकरी न करता तीन-तीन वर्षे घरी बसणारी मुले मी पाहिली आहेत. वयाची मर्यादा जवळ येते आणि हाताशी अनुभवही नसतो, हे मला बघवत नाही.

एक वर्षानंतर मुंबई किंवा पुण्याहून बोलावणे आले तर अवश्य जावे. नियुक्तीपत्रातला वार्षिक आकडा पाहून हुरळू नये, कारण त्यात भविष्य निर्वाह निधीतला कंपनीचा वाटा आणि पुष्कळदा ग्रॅच्युइटीही धरलेली असते, आणि तुमचा स्वतःचा 12 टक्के वाटा पगारातून कापला जातो तो वेगळाच. हातात येणारी मासिक रक्कम लेखी विचारून घ्यावी आणि तिच्यातून खोलीचे भाडे, डिपॉझिट आणि रेल्वेचा पास वजा करून पाहावा. नोंदणी, प्रशिक्षण किंवा लॅपटॉपच्या नावाखाली कुणी आधी पैसे मागितले तर तिथून लगेच उठावे. खरी नोकरी देणारा उमेदवाराकडून पैसे घेत नाही. आणि इथली नोकरी सोडताना अनुभवाच्या पत्रात केवळ कालावधी नको, तुम्ही केलेली कामे नावानिशी लिहून घ्या: किती प्रकारच्या व्यवसायांची जीएसटी विवरणपत्रे तयार केलीत, कोणत्या लेखापरीक्षणात मदत केलीत, ताळेबंद कुठपर्यंत स्वतः नेलात. तुमच्या मालकांना ते लिहायला वेळ नसेल तर मसुदा तुम्हीच करून त्यांच्यासमोर ठेवा.