तुम्ही विचारलंत म्हणून: बुधवारचे तीन तास

"मॅडम, दर आठवड्याला तीन तास माणसांना त्यांच्या मनाचं काम करू देता, हे परवडतं कसं?" भोसरीतले शेजारचे वर्कशॉपवाले विचारतात, बँकेतले साहेब विचारतात, परवा एका लग्नात नणंदेच्या यजमानांनीही विचारलं. दर वेळी मी दोन वाक्यांत उरकते आणि घरी येताना वाटत राहतं, नीट सांगायला हवं होतं.

आमचं वर्कशॉप चाळीस माणसांचं. सीएनसी लेथ आणि दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी धातू कापायची मशिनं), ड्रिलिंग, इन्स्पेक्शन म्हणजे तपासणी. बुधवारी अडीच ते साडेपाच प्रॉडक्शन बंद असतं. त्या वेळात ज्याला जे सुधारावंसं, करून बघावंसं किंवा शिकावंसं वाटेल ते त्याने करायचं. परवानगी घ्यायची नाही, अहवाल द्यायचा नाही.

कल्पना माझी नाही. अमेरिकेतल्या थ्री-एम कंपनीत १९४८पासून पंधरा टक्के वेळ स्वतःच्या कल्पनेवर घालवायची मुभा आहे. गूगलच्या संस्थापकांनी २००४मध्ये शेअर बाजारात उतरताना लिहिलेल्या पत्रात वीस टक्के वेळेचा उल्लेख केला आणि हा विषय जगभर पोचला. आमचा आठवडा अठ्ठेचाळीस तासांचा. त्याचे पंधरा टक्के म्हणजे सात तासांहून जास्त. तेवढं मला झेपणारं नाही, म्हणून तीन.

पण परवडण्याचा हिशेब तासांपाशी सुरू होत नाही, टार्गेटपाशी होतो. वर्कशॉप सुरू करण्याआधी मी ज्या कंपनीत होते तिथेही नव्या कल्पनांसाठी वेळ होता. भिंतीवर मोठी पाटी होती. वेळ शनिवारी चार ते सहा, आणि दिवसाचं टार्गेट मात्र तेवढंच. चारला आम्ही सगळे राहिलेले जॉब, म्हणजे मशीनवर घडवायचे भाग, संपवत असायचो. सहा महिन्यांनी वरून विचारणा झाली की तुमच्याकडून एकही कल्पना का आली नाही. ते उत्तर द्यायला उभी राहिलेली मी आजही विसरलेले नाही. गूगलमध्ये अनेक वर्षं काम करून पुढे याहूच्या प्रमुख झालेल्या मरिसा मायर यांनीही म्हटलंय की तो वीस टक्के वेळ खरं तर एकशेवीस टक्के असतो. म्हणजे आपलं काम सांभाळून, वर.

म्हणून आमच्याकडे ज्या मशीनचं दिवसाचं टार्गेट ३२० आहे, तिथल्या बोर्डवर बुधवारी २०० लिहिलेलं असतं. हा आकडा सकाळीच, सगळ्यांसमोर लिहितात. सुपरवायझरला सक्त ताकीद आहे की या वेळात कुणाला रिवर्कला, म्हणजे चुकलेले जॉब दुरुस्त करायला, बसवायचं नाही. पहिल्या वर्षी मार्चमध्ये डिस्पॅचची घाई झाली म्हणून मी लागोपाठ दोन बुधवार रद्द केले. त्यानंतर जूनपर्यंत अडीच वाजले तरी माणसं मशीनवरून हलत नव्हती. त्यांना वाटलं, हे काही खरं नाही. आता घाई असेल तर दुसऱ्या एखाद्या दिवशी ओव्हरटाइम देते. बुधवारला हात लावत नाही.

आता एक प्रसंग सांगते. आमच्या इन्स्पेक्शनला एक ताई आहेत, अकरा वर्षं झाली. एम-८च्या, म्हणजे आठ मिलिमीटरच्या, आट्यांचे जॉब आले की प्रत्येकात थ्रेड गेज (आटे तपासायचं मापक) हाताने फिरवत आत घालायचं आणि तसंच फिरवत बाहेर काढायचं. दिवसाला शेकडो वेळा. संध्याकाळी त्यांचं मनगट भरून यायचं, हे मला अकरा वर्षांत कळलं नव्हतं. बुधवार सुरू झाल्यावर त्यांनी स्टोअरमधून जुना बॅटरीवरचा स्क्रूड्रायव्हर मागितला आणि त्याच्या तोंडाला गेज बसवायच्या खटपटीला लागल्या.

तिसऱ्या बुधवारी गेज वाकडं शिरलं आणि जॉबमध्ये अडकून बसलं. काढताना त्याचे आटे गेले. नवं गेज काही हजारांचं. क्वालिटीचे साहेब ते हातात घेऊन माझ्या केबिनमध्ये आले, मागे ताई, चेहरा पडलेला. साहेबांचं म्हणणं चूक नव्हतं: गेज बोटांना कळावं लागतं, जबरदस्तीने घातलं तर वाईट जॉबही पास होईल. मी फक्त एवढं विचारलं, "दुसरं गेज कधी लागेल?" आणि स्टोअरच्या चिठ्ठीवर सही केली. पुढच्या आठवड्यात ते साहेब स्वतःच ताईंच्या टेबलाशी उभे होते. ड्रायव्हरचा क्लच सगळ्यात कमी ताकदीवर लावायचा, म्हणजे जरा अडलं की तो घसरेल, ही युक्ती त्यांची. ड्रायव्हर आणि गेज यांच्यामध्ये कूलंटच्या (मशीन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) रबरी नळीचा बोटभर तुकडा घालायचा, म्हणजे गेज आपली वाट आपण शोधत सरळ शिरतं, ही ताईंची. अडलेला जॉब बाजूला ठेवून हातानेच तपासायचा, हे दोघांनी मिळून ठरवलं.

थ्री-एमच्या इतिहासात रिचर्ड ड्रू यांची गोष्ट सांगतात. गाड्या दोन रंगांत रंगवणाऱ्यांचे हाल बघून त्यांनी १९२५मध्ये मास्किंग टेप केली. त्यांना शंभर डॉलरपर्यंतची खरेदी स्वतःच्या सहीने करता येत असे, तर हवं ते यंत्र नाकारल्यावर त्यांनी नव्याण्णव-नव्याण्णव डॉलरच्या चिठ्ठ्या करून ते आणलं म्हणे. वेळेइतकीच ती सहीही महत्त्वाची, असं मला वाटतं. आमच्याकडे प्रत्येकाला वर्षाला दोन हजार रुपये कुणालाही न विचारता खर्च करता येतात. मोडलेलं गेज त्यात धरत नाही.

बाकी बऱ्याच गोष्टी अर्ध्यात राहतात. तेल वेगळं करायचा पट्टा एकाने तीनदा केला, तीनदा बिघडला. एक हेल्पर नऊ बुधवार फक्त मायक्रोमीटर वाचायला शिकत होता. बँकेतले साहेब विचारतात, त्यातून काय मिळालं? तो आता मशीनच्या सेटिंगला हात लावतो, हे मिळालं. आणि ज्यातून काहीच दिसत नाही तेही मी तोट्यात धरत नाही. थ्री-एमच्याच स्पेन्सर सिल्व्हर यांना १९६८मध्ये जोरकस डिंक हवा होता, हाती लागला सहज सुटणारा. १९७४मध्ये त्यांचे सहकारी आर्ट फ्राय यांना चर्चमध्ये गाताना भजनांच्या पुस्तकातून खुणेचे कागद गळून पडतात याचा वैताग आला, तेव्हा त्या डिंकाला काम मिळालं. त्यातून झालेलं पोस्ट-इट, म्हणजे चिकटवून सहज काढता येणाऱ्या चिठ्ठ्या, अमेरिकेच्या बाजारात आलं १९८०मध्ये. बारा वर्षं. त्यांना कुणी दर महिन्याला हिशेब मागितला असता, तर तो डिंक केव्हाच फेकला गेला असता.

तर परवडतं का? रोखीत मोजाल तर काही महिने परवडत नाही, खरं सांगते. मी सुरू केलं तेव्हा एका ग्राहकाला डिलिव्हरीची तारीख दोन दिवस पुढे मागावी लागली होती. तुम्हाला करायचं असेल तर एका तासाने सुरू करा, पण आधी बोर्डवरचा आकडा कमी करा, आणि तो तुमच्या स्वतःच्या हाताने लिहा. बघायला यायचं असेल तर बुधवारी अडीचनंतर या. गुरुवारी नको, गुरुवारी आमच्या एमआयडीसीत सुट्टी असते.