आप्पा, तुमनं पोस्ट कव्हय इकी सरकार?

लग्न असो की दहावा, अगदी परवा मेहुण्याच्या शेतात भरीत-पुरीची पार्टी होती तिथेही, कोणीतरी विचारतंच, "आप्पा, तुमनं पोस्ट कव्हय इकी सरकार?", म्हणजे सरकार तुमचं पोस्ट कधी विकणार, आणि लगेच पुढचं तयार असतं, इकलं तर इकलं, आपलं काय जातंय, कुरिअरवाला येतोच ना दारात. मी बहुतेक वेळा हसून पुरीचा घास घेतो. पण तुम्हीही तेच विचारलंत म्हणून एकदा सांगूनच टाकतो, ३४ वर्षं काढली पोस्टात, क्लार्क म्हणून लागलो, सबपोस्टमास्तर होऊन निघालो, जळगाव धुळे नंदुरबार तिन्ही जिल्हे पायाखालून गेले.

तर पहिली गोष्ट, पोस्ट विकलेलं नाही, ते अजून सरकारचं खातंच आहे. बदललाय तो कायदा. १८९८ च्या जुन्या कायद्यात पत्रं पोचवायचा हक्क फक्त सरकारचा होता, २०२३ चा नवा कायदा जून २०२४ पासून लागू झाला त्यात तो मक्ता काढूनच टाकला. बाजारात कोणाला पत्ताही लागला नाही, कारण कुरिअरवाले कितीतरी वर्षं "डॉक्युमेंट" म्हणून तेच नेत होते. मग २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं, तेव्हा मात्र ओळखीच्या दोन वकिलांचे फोन आले, त्यांच्या नोटिसा रजिस्टरनेच जायच्या ना.

विकल्यावर काय होतं ते बघायचं तर इंग्लंड बघा, आपलं पोस्ट शेवटी त्यांच्याच साच्यातून निघालेलं. तिथे २०१३ मध्ये रॉयल मेलचे, म्हणजे त्यांच्या पोस्टाचे, शेअर काढले, ३३० पेन्सला, पहिल्याच दिवशी ४५५ वर बंद झाला, म्हणजे माल स्वस्तात गेला हे आपल्या कापसाच्या व्यापाऱ्यालाही कळलं असतं. कामगारांना १० टक्के शेअर फुकट दिले, पोस्टमन मालक झाला, ऐकायला किती छान! त्याच पोस्टमनला २०२२ मध्ये १८ दिवस संप करावा लागला, आणि पुढच्या वर्षी जो समझोता झाला त्यात नवीन भरती होणाऱ्यांना जुन्यांपेक्षा कमी दर्जाच्या अटी. फर्स्ट क्लास पत्राचं तिकीट विक्रीच्या वेळी ६० पेन्स होतं, २०२५ ला १७० झालं. सेकंड क्लासची पत्रं जुलै २०२५ पासून एक दिवसाआड वाटायची मुभा मिळाली. आणि कंपनी त्याच वर्षी एका झेक उद्योगपतीच्या हातात गेली.

आता खोटं कशाला बोलू, सगळं खापर खाजगीकरणावर फोडता येत नाही. पत्रं सगळीकडेच आटली. डेन्मार्कचं पोस्ट तर सरकारी मालकीचं, त्यांनी २०२५ च्या शेवटी पत्रं वाटणंच बंद केलं. म्हणून मला मालक कोण यापेक्षा तूट कोणाच्या अंगावर टाकली हे बघावंसं वाटतं, आणि इंग्लंडात ती तिकिटावर, गिऱ्हाइकाच्या दिवसांवर आणि नव्या पोरांच्या पगारावर टाकली.

आपल्याकडे ती कोणाच्या अंगावर आहे? हे सांगायला लागलो की लोक मोबाईल काढतात, पण ऐका.

सातपुड्यातल्या पाड्यावर, तापीकाठच्या खेड्यावर तुम्हाला जो "पोस्टवाला भाऊ" दिसतो ना तो माझ्यासारखा सरकारी नोकर नाहीच. तो ग्रामीण डाक सेवक. पूर्वी त्याला ईडी म्हणायचे, एक्स्ट्रा डिपार्टमेंटल, आताच्या पोरांना ईडी म्हटलं की भलतंच आठवतं. खात्यातला पण खात्याबाहेरचा. १९७७ ला सुप्रीम कोर्टानेही जवळपास तेच म्हटलं, पद सरकारी आहे पण नेहमीच्या सेवेबाहेरचं. कागदावर काम ४ किंवा ५ तास. त्याच्या पगाराला पगार म्हणायचं नाही, भत्ता म्हणायचं, २०१८ च्या संपानंतर सुधारला तेव्हा सुरुवात १०,००० ते १४,५०० आणि वर महागाई. आमच्यासारखी पेन्शन नाही. ऑफिसला जागा त्याचीच, बहुतेक ठिकाणी घराची ओसरी. असे देशभर अडीच लाखांच्या आसपास आहेत. मग मला सांगा, पोस्ट प्रायव्हेट कधी होणार हा प्रश्न ह्या माणसाला विचारायचा तरी कसा? स्वस्त कामगार, अर्धी नोकरी, जागा त्याची, आणि वरून बचत खात्यांचं, विम्याचं टार्गेट. हे तर विकण्याआधीच करून ठेवलंय, आणि आम्ही खात्यातले पक्के लोक त्यावर फार बोललो नाही, मीही नाही.

पूर्वी अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी सुरत-उधन्याहून मनिऑर्डरी यायच्या, मिलमध्ये गेलेली आपली पोरं पाठवायची. फॉर्मच्या खाली दोन ओळी लिहायला जागा असायची, त्यात "बहिणीला आणायला जा, मला सुट्टी नाही" असलं काहीतरी. म्हातारीला वाचता येत नसे, तर बीपीएम, म्हणजे खेड्यातला तो ब्रँच पोस्टमास्तर, नोटा मोजून द्यायचा, अंगठा घ्यायचा आणि त्या दोन ओळी तिला अहिराणीत सांगायचा. ती परत सांग म्हणायची, तो परत सांगायचा. ह्याचे पैसे कोणत्या रेटकार्डात बसवाल? आता पैसे फोनवर येतात, चांगलंच आहे, पण त्याच पाड्यावर माझ्या ओळखीच्या एका शिक्षकाचं कुरिअर आलं तर फोन येतो, सर तालुक्याला येऊन घेऊन जा, आमची गाडी वर येत नाही.

माझ्या लाइनीवर एक बीपीएम होता, ६५ ला निवृत्त झाला. त्या दिवशी मी मुद्दाम त्याच्या घरी गेलो. बोर्ड, शिक्का, तराजू, बॅग सगळं नव्या पोराच्या घरी रवाना झालं, मी सह्या घेतल्या. टेबल मात्र जागचं हललं नाही, मी विचारलं हे नाही द्यायचं का, तर म्हणे साहेब ते माझंच होतं. आता त्यावर त्याच्या सुनेचं शिलाई मशीन असतं.