पडद्यावरचे वासरू आणि आमचे रेडकू

गेल्या शनिवारी मेलबर्नच्या फ्लिंडर्स स्ट्रीट स्थानकाजवळ काळे कपडे आणि मुखवटे घातलेली आठ-दहा माणसे पाठीला पाठ लावून चौकोनात उभी होती आणि त्यांच्या हातांतल्या पडद्यांवर कत्तलखान्यातली दृश्ये चालू होती. हा प्रकार ‘अनॉनिमस फॉर द व्हॉइसलेस’ या प्राणिहक्क संघटनेचा; ती २०१६ साली याच शहरात सुरू झाली. मुखवट्यातली माणसे एक शब्दही बोलत नाहीत. आपण थबकलो, तरच साध्या कपड्यांतला एखादा कार्यकर्ता जवळ येतो. मी शाकाहारी असल्यामुळे हे आपल्यासाठी नाही अशा खात्रीने नेहमी पुढे निघून जात असे. त्या दिवशी मात्र पडद्यावर गोठा होता, आणि नाळही न वाळलेले एक वासरू अडखळत उभे राहू पाहत होते.

जवळ आलेल्या मुलीने मला काही सांगितले नाही, फक्त विचारले की दुधासाठी पाळलेल्या गाईला नर वासरू झाले, तर त्याचे पुढे काय होत असेल. इथे अशा वासरांना ‘बॉबी काफ’ म्हणतात आणि त्यांतली अनेक जन्मानंतर काही दिवसांतच कत्तलखान्यात जातात, हे इतकी वर्षे इथले दूध पिऊनही मला ठाऊक नव्हते. मला राग आला. मी तिला वसुबारस समजावून सांगितली, सवत्स धेनूची पूजा सांगितली, त्या दिवशी दूध-तूप तोंडात न घालणारी माझी आजी सांगितली. माझा आवाज चढला होता आणि त्याबद्दल मला खंत नाही, कारण जनावराला घरचे माणूस मानणारी आपली रीत खोटी नाही. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मग तुमच्या घरच्या नर वासरांचे काय व्हायचे?”

धक्का देणे म्हणजे काय, हे मला त्या प्रश्नाने कळले. ८ एप्रिल २०१९ रोजी याच चौकात प्राणिहक्कवाद्यांनी गाड्या आडव्या लावून रस्ता अडवला, तेव्हा माझी ट्राम अडकली होती आणि डब्यातल्या एकाही माणसाच्या तोंडी जनावराचे नाव नव्हते. सगळे कामाला होणाऱ्या उशिराबद्दल बोलत होते. तेव्हाचे पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांनी आंदोलकांवर सडकून टीका केली आणि शेतात घुसखोरी करण्यास इंटरनेटवरून चिथावणी देणाऱ्यांसाठी तुरुंगवासाची तरतूद असलेला कायदा त्याच वर्षी संमत झाला. याउलट २०११ साली इथल्या एबीसी वाहिनीने इंडोनेशियाच्या कत्तलखान्यांत ऑस्ट्रेलियन गुरांचे होणारे हाल दाखवले, तेव्हा लोक इतके हलले की काही दिवसांतच सरकारने इंडोनेशियाला होणारी जिवंत गुरांची निर्यात थांबवली. ती बंदी महिनाभरच टिकली आणि तिची झळ उत्तरेकडच्या पशुपालकांना बसली, हेही खरे. पण त्या दृश्यांना एक नेमकी मागणी जोडलेली होती. नुसते रक्त पाहून माणूस डोळे मिटतो. त्याला उत्तर द्यायला लावले, तरच तो थांबतो, असे माझे प्रामाणिक मत आहे.

मी आठ वर्षांची असताना आमच्या म्हशीचे रेडकू पंधरवड्यातच मेले. ते नर असल्यामुळे त्याला पोटभर पाजलेच जात नव्हते. काकांनी त्याच्या कातड्यात पेंढा भरून घेतला आणि धारेच्या वेळी ते म्हशीपुढे ठेवू लागले. ती ते चाटायची, पान्हा सोडायची आणि आई चरवी भरून घ्यायची. ती कोमट चरवी दोन्ही हातांनी धरून मीच स्वयंपाकघरात नेत असे. हे सारे हातभर अंतरावरून पाहूनही मला कधी काही वाटले नाही, कारण तेव्हा मला कोणी काही विचारलेच नव्हते.

त्या मुलीला मी एवढेच सांगितले की ते मेले. कातड्याचे सांगितले नाही. रात्री आईला फोन करून त्याची आठवण काढली, तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “अगं, तुला तेव्हा दूध लागायचं.”