बिलीच्या गावात मर्फीचं घर

लिंकनला जायचं ठरलं ते भाच्यामुळे. तो एल पासोला नोकरी करतो आणि लहानपणापासून त्याला ‘बिली द किड’चं, म्हणजे जुन्या अमेरिकेतल्या त्या गाजलेल्या बंदूकबाज गुन्हेगाराचं वेड. व्हाइट सँड्सची पांढरी वाळू बघून झाल्यावर म्हणाला, “मावशी, उद्या लिंकनला जाऊ. अख्खा रस्ता एक गाव आहे.” मला वाटलं, बोलण्यात गडबड झाली. दुसऱ्या दिवशी कळलं की तो अगदी बरोबर बोलला होता.

न्यू मेक्सिकोतल्या कॅरिझोझोहून ३८० नंबरचा हायवे पूर्वेकडे निघतो. कॅपिटन मागे पडलं की डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ येतात, खालून रिओ बोनितो वाहते आणि काठची झाडं ऑक्टोबरात हळदीसारखी पिवळी झालेली असतात. मग हायवेच गावातून जातो. दोन्ही बाजूंना मातीच्या कच्च्या विटांची बसकी घरं, आणि त्यांत एकच खरी दोन मजली इमारत, पुढे लाकडी सज्जा असलेली. पाटीवर ‘कोर्टहाउस’. लोक इथे येतात ते याच इमारतीसाठी. २८ एप्रिल १८८१ रोजी फाशीची शिक्षा झालेला बिली इथून दोन पहारेकऱ्यांना मारून पळाला. जिन्याखालच्या भिंतीत गोळीचं भोक आहे, त्यावर काच बसवली आहे. भाच्याने त्याचे सात फोटो काढले.

मी मात्र अडकले ते ही इमारत कोर्ट नव्हे तर दुकान म्हणून बांधली होती, या माहितीवर. एका गावठाणात, जिथे बाकीची घरं एका मजल्यापलीकडे जात नाहीत, तिथे एवढं मोठं दुकान कोणाला परवडलं?

लॉरेन्स मर्फीला. आयर्लंडमधल्या वेक्सफर्डचा हा माणूस तरुणपणी अमेरिकेत येऊन सैन्यात भरती झाला. यादवी युद्धाच्या काळात न्यू मेक्सिकोच्या स्वयंसेवक पलटणीत अधिकारी, किट कार्सन या सेनाधिकाऱ्याच्या हाताखाली नावाहो या मूळनिवासी लोकांवरच्या मोहिमेत, आणि शेवटी मानद मेजर. १८६६ मध्ये वर्दी उतरवली आणि एमिल फ्रिट्झ नावाच्या जर्मन माजी अधिकाऱ्याला भागीदार घेऊन इथून नऊ मैलांवरच्या फोर्ट स्टँटन या लष्करी छावणीजवळ दुकान टाकलं. ‘एल. जी. मर्फी अँड कंपनी’.

जागेची निवड बघा. सैन्याला काय लागतं, कधी लागतं, बिलावर सही कोण करतं, हे सगळं या दोघांना आतून ठाऊक. छावणीला मका, पीठ, गोमांस हवं. शेजारच्या मेस्कालेरो अपाची लोकांना सरकारी शिधा द्यायचा, त्याचंही कंत्राट असायचं. आणि सगळ्या मुलखात रोख पैसा असा नव्हताच. शेतकरी हंगामाआधी मर्फीच्या दुकानातून उधारीवर सामान उचलायचा, मर्फी सांगेल त्या भावाने. पीक आलं की तेही मर्फीलाच, पुन्हा मर्फी सांगेल त्याच भावाने. पुढे तोच मका छावणीला. आणताना एक भाव, देताना दुसरा, मधे वही. सावकारी ऐकत मोठी झालेली मी, मला हे समजायला गाइड लागला नाही. त्यातच ज्या जमिनीवर स्वतःचा कागद नाही ती शेतकऱ्यांना विकल्याचा आरोपही त्याच्यावर होता.

लोक या पेढीला नुसतं ‘हाऊस’ म्हणत. आपल्याकडे “वाड्यावरून निरोप आलाय” म्हणायचे ना, तोच सूर. मर्फी काही काळ तिथला प्रोबेट न्यायाधीशही होता, म्हणजे मृतांच्या मालमत्तेचे निवाडेही त्याच्याचकडे.

१८७३ मध्ये छावणीतल्या अधिकाऱ्यांशी बिनसलं. शिध्याच्या यादीत अपाचींची डोकी फुगवून दाखवतात, असा संशय होता. त्यात पेढीतला तापट पोरगा जेम्स डोलन एका कॅप्टनवर बंदूक घेऊन गेला. झालं, दुकान छावणीतून बाहेर. मर्फी लिंकनला आला आणि ही दोन मजली इमारत उठवली. खाली दुकान, वर राहण्याच्या खोल्या.

वरच्या मजल्यावर मी बराच वेळ एकटी होते. लाकडी फळ्या पावलागणिक करकरतात. खिडकीतून अख्खं लिंकन दिसतं. कोण कोणाच्या दारात थांबलं, कोणाची गाडी भरून आली, सगळं. धंदेवाल्याने मजला चढवला तो हवेसाठी नक्कीच नाही.

पण घात झाला तो बंदुकीने नाही, विम्याच्या कागदाने. फ्रिट्झ १८७४ मध्ये जर्मनीत वारला. त्याच्या नावे दहा हजार डॉलरचा आयुर्विमा होता. पैसे वसूल करायला नेमलेल्या वकिलाने, अलेक्झांडर मॅकस्वीनने, ते मिळवले आणि देईना. हाऊस म्हणे, फ्रिट्झकडून आमचं येणं आहे. मॅकस्वीन दरम्यान जॉन टनस्टॉल या तरुण इंग्रजाच्या गोटात गेलेला, आणि टनस्टॉलने याच रस्त्यावर हाऊसशी स्पर्धा करणारं दुसरं दुकान थाटलेलं. विम्याच्या दाव्यात मॅकस्वीनबरोबर टनस्टॉलच्याही मालावर जप्ती काढली, आणि जप्तीला निघालेल्या टोळीने १८ फेब्रुवारी १८७८ रोजी टनस्टॉलला गोळी घातली. तो चोवीस वर्षांचा होता. बिली त्याच्याकडे कामाला होता. त्या खुनावरून दोन्ही गोटांत लढाई पेटली, आणि बिली तिच्यात होता.

भाच्याच्या गोष्टीत टनस्टॉल म्हणजे देवमाणूस. त्याला मी सांगितलं की या देवमाणसाने घरी पत्रात लिहिलं होतं, या जिल्ह्यात कोणीही डॉलर कमावला तर त्यातला अर्धा मला मिळेल अशी व्यवस्था करणार आहे. भाचा जरा हिरमुसला. मला त्यात वाईट काही दिसलं नाही, पण मर्फीचं गणित टनस्टॉलने नीट वाचलं होतं एवढं खरं.

आणि मर्फी स्वतः? तो या लढाईत जवळजवळ नाहीच. दारू आणि आजारपण यांनी खंगून त्याने १८७७ मध्ये पेढी डोलनच्या हाती सोपवली होती. जुलै १८७८ मध्ये याच रस्त्यावर पाच दिवस गोळीबार झाला, छावणीतून सैन्य तोफ घेऊन आलं, हाऊसच्या बाजूच्या माणसांनी मॅकस्वीनचं घर पेटवलं आणि तो मारला गेला, तेव्हा मर्फी सांता फेला होता. २० ऑक्टोबरला तिथेच वारला. तोवर पेढी बुडून इमारत गहाणदार थॉमस कॅट्रनकडे गेली होती. पुढे कोर्ट झालं, आणि पाटीवर तेच नाव राहिलं.

गावात जेवायला काही उघडं नव्हतं. एका ठिकाणी दारावर वेळ लिहिलेली होती, ती पाळायला मात्र कोणी नव्हतं. नशिबाने तिखटमिठाच्या पुऱ्या सोबत होत्या. टनस्टॉलच्या दुकानाबाहेरच्या ओट्यावर बसलो. आत त्या काळचे जुने कप्पे आहेत, दारांना लोखंडी झडपा. एवढा बंदोबस्त करून दुकान कोण उघडतं, असं मघाशी आत वाटलं होतं.

“या दुकानाचं पुढे काय झालं गं?” भाच्याने विचारलं.

“डोलनने घेतलं.”

“तोच डोलन? हाऊसवाला?”

“तोच. पुढे जिल्ह्याचा खजिनदारही झाला.”

तो थोडा वेळ समोरच्या रस्त्याकडे बघत राहिला. मग डबा माझ्याकडे सरकवत म्हणाला, “लोणचं आणलंस ना?”