घडीवर विरलेला टेबलक्लॉथ

आजीने हाताने शिवलेला लिननचा टेबलक्लॉथ आम्ही फार जपून ठेवला होता. पुठ्ठ्याच्या खोक्यात, लाकडी कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर. पाहुणे आले तरी कधी बाहेर काढला नाही. गेल्या महिन्यात मी तो उलगडायला घेतला आणि मधल्या घडीवर कापड फाटत गेलं. मी जोरसुद्धा लावला नव्हता. तिथेच खाली बसले.

तिनेच शिवलेले चार अभ्रे मात्र आजही रोज उशांवर असतात. किती वेळा धुतले याची गणती नाही. मऊसूत झालेत, एकाचा कोपरा दोनदा रफू केलाय, पण शिवण कुठेही उसवलेली नाही.

लिनन म्हणजे जवसाच्या खोडातला धागा. खोडं पाण्यात भिजवून कुजवायची, वाळवायची, कुटायची, विंचरायची, तेव्हा कुठे तो सुटा होतो. कोरड्यापेक्षा ओला असताना तो जास्त बळकट, त्यामुळे धुण्याचं त्याला भय नाही. पण तो फारसा ताणला जात नाही, आणि वर्षानुवर्षं एकाच रेषेवर दुमडून राहिला की तिथेच तुटतो. शिवाय लाकडातून आणि साध्या पुठ्ठ्यातून आम्ल सुटतं, त्याने कापड पिवळं पडतं, ठिसूळ होतं. आम्ही तर वर खळही घातली होती, आणि खळीवर कसर येते.

काठाचं काम बघून मात्र जीव हरखला. आजीने आडवे धागे एकेक करून ओढून काढलेत आणि उरलेल्या उभ्या धाग्यांच्या जुड्या बांधून जाळी केलीय. भिंग लावून मोजलं, प्रत्येक जुडीत चार धागे. एका कोपऱ्याजवळच्या एकाच जुडीत पाच आहेत, आणि तिथून पुढे दोऱ्याचा पांढरा रंगही किंचित निराळा. लडी संपली असेल, की उजेड गेला असेल? त्या पाचव्या धाग्यावरून मी कितीतरी वेळ बोट फिरवत होते.

इजिप्तमध्ये तारखान इथे लिननचा एक अंगरखा सापडलाय, रेडिओकार्बन चाचणीनुसार इ.स.पू. ३४८२ ते ३१०२ या काळातला. त्याच्या कोपरांशी आणि काखेत चुण्या आहेत. म्हणजे तो कुणाच्या तरी अंगावर वावरलेला आहे. पाच हजार वर्षांनंतरही कळतंय, हात कुठे वाकत होता ते!

टेबलक्लॉथ मी आधी गार पाण्यात पसरून भिजवला, पाणी पिवळं व्हायचं थांबेपर्यंत बदलत राहिले, पिळला नाही, सावलीत सपाट वाळवला. फाटलेल्या रेषेला मागून जुन्या मऊ सुती कापडाची पट्टी लावली. टाके बारीक घातले, पण दोरा ताणला नाही, नाहीतर टाक्याशेजारचंच कापड फाटतं. तीन संध्याकाळी लागल्या. आता घडी घालायचीच नाही, नळकांड्यावर जुनी धुतलेली चादर गुंडाळून त्यावर हा गुंडाळून ठेवायचा, असं ठरवलंय.

रविवारी तो पहिल्यांदा टेबलावर अंथरला. लेकीच्या हातून पेला कलंडला आणि पाणी थेट जाळीपर्यंत गेलं. ती घाबरून माझ्याकडे बघायला लागली.

"राहू दे गं," मी म्हटलं, "वाळेल."