आकड्याचे दोन स्पोक

रात्रीचे साडेनऊ झाले होते. शटर अर्धं ओढून मी बाहेरच्या नळावर हात धूत होतो. डिसेंबरातला शनिवार, थंडी चांगलीच पडली होती. तेवढ्यात कळंबकडून एक दिवा लुकलुकत हळूहळू येताना दिसला. मोटारसायकल म्हणावी तर आवाज नव्हता. जवळ आल्यावर कळलं की एक बाई सायकलचं मागचं चाक उचलून धरून चालत येत होती. डोक्याला हेल्मेट, अंगात चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट.

"दादा, स्पोक तुटलेत. बघता का जरा?"

आमचं दुकान कळंब सोडल्यावर वर्ध्याच्या बाजूला, महामार्गालगत एका फाट्यावर आहे. बाबांनी सुरू केलं, आता मी चालवतो. पोट भरतं ते मोटारसायकलच्या पंक्चरवर. सायकली येतात त्या शाळेच्या पोरींच्या, सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या. त्यांचे ब्रेक, चेन, पेडल, ट्यूब एवढंच काम असतं. गिअरच्या महागड्या सायकलला त्या दिवसापर्यंत मी कधी हात लावला नव्हता.

या बाईंना मी सकाळी पाहिलं होतं. अकराच्या सुमारास असे दहा-पंधरा जण यवतमाळकडे गेले होते. कोणी हौशी लोक असतील, यवतमाळपर्यंत जाऊन गाडीत सायकली टाकून परततील, असं मला वाटलं होतं. त्या खुर्चीत बसल्या, बाटलीभर पाणी प्यायल्या आणि मग सांगू लागल्या. पहाटे पाचला नागपूरहून निघाल्या होत्या. बुटीबोरी, सेलू, वर्धा, देवळी, कळंब, यवतमाळ करत आर्णीच्या पुढे जाऊन वळायचं आणि त्याच रस्त्याने नागपूर. सगळे मिळून 400 किलोमीटर. याला ब्रेव्हे म्हणतात. ठरलेल्या ठिकाणी कार्डावर शिक्का घ्यायचा आणि 400 साठी 27 तास मिळतात. म्हणजे रविवारी सकाळी आठला त्यांची वेळ संपत होती. पण त्यांचं मन 24 तासांवर होतं. एका दिवसात, पाच ते पाच.

"किती झाले?" मी विचारलं.

"दोनशे ऐंशी."

मी बाबांकडे पाहिलं. ते बाजेवर घोंगडी घेऊन बसले होते. मोतीबिंदूमुळे त्यांना आता फारसं दिसत नाही, कान मात्र शाबूत आहेत. ते म्हणाले, "दोनशे ऐंशी? आजच्या आज? बाप्पा!"

सायकल उलटी केली. मागच्या चाकाला 28 स्पोक होते, त्यातले दोन गेलेले. एक यवतमाळला तुटला होता, तो त्यांनी शेजारच्या स्पोकला चिकटपट्टीने बांधून ब्रेक ढिला करून रेटला. दुसरा कळंब ओलांडल्यावर गेला आणि रिम इतकं वाकडं झालं की टायर फ्रेमला घासू लागला. तिथून चार किलोमीटर त्या चालत आल्या होत्या.

आपल्या काळ्या सायकलला मागे 40 आणि पुढे 32 स्पोक असतात. दोन-चार तुटले तरी माणूस पोत्यासकट बाजारात जाऊन येतो. 28 च्या चाकात प्रत्येक स्पोकवर वजन जास्त, म्हणून एक गेला की शेजारचा त्याच वाटेला लागतो. आणि हे दोन्ही गिअरच्या बाजूचे होते. मागे एका बाजूला गिअरची चक्रं असल्यामुळे रिम मधोमध बसवायचं तर त्या बाजूचे स्पोक जास्त ताणावे लागतात. चाक फिरताना प्रत्येक स्पोकवरचा ताण फेऱ्याफेऱ्याला कमी-जास्त होतो. लाखो फेऱ्यांनी तो हबजवळच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याजवळच्या वाकणातच थकतो. तिथंच तुटले होते दोन्ही. तुकडा दिव्याखाली धरला तर वाकणाची जागा अर्धी काळी, अर्धी चकचकीत दिसली. काळी म्हणजे जुनी चीर, चकचकीत म्हणजे आत्ता मोडलेली. म्हणजे हा स्पोक नागपूरहून निघतानाच अर्धा तुटलेला होता.

खरी अडचण पुढे होती. नवा स्पोक हबच्या भोकातून ओवायचा तर गिअरची चक्रं काढावी लागतात आणि त्यांना वेगळी खास चावी लागते. ती माझ्याकडे नव्हती. कळंबला नाही, यवतमाळला एका दुकानदाराला फोन केला तर तो घरी जेवत होता, त्याच्याकडेही नव्हती. मी तसं सांगितलं. बाई काही वेळ गप्प राहिल्या. मग विचारलं, "इथून वर्ध्याला काही गाडी मिळेल का?"

गाडीत बसलं की कार्ड बाद. ते त्यांनी आधीच सांगितलं होतं, म्हणून तो प्रश्न मला लागला.

बाबा बाजेवरूनच बोलले. "आकडा कर ना बे."

"काय?"

"फ्रीव्हील निघत नव्हतं तवा काय करत होतो आपण? डोकं काप, आकडा कर."

मी विसरूनच गेलो होतो. लहानपणी गंजलेलं फ्रीव्हील, म्हणजे मागचं चेनचं चक्र, सुटत नसलं की बाबा स्पोकचं डोकं कापून तिथं इंग्रजी झेडसारखा वाक द्यायचे. असा आकडा भोकात बाहेरूनच अडकतो, चक्रं काढायची गरज पडत नाही. दुसरं टोक रिमच्या निपलमध्ये, म्हणजे स्पोक कसायच्या छोट्या नटात, पिळायचं. ताण बसला की आकडा सुटत नाही.

माळ्यावरून जुन्या स्पोकांचा डबा काढला. 28 इंची काळ्या सायकलचे स्पोक यांच्यापेक्षा थोडे लांब निघाले, ते बरंच झालं, कारण आकड्यात लांबी जाते. पण आटे जुळायला हवेत. एकेक स्पोक त्यांच्या निपलमध्ये फिरवून पाहिला. पहिले पाच-सहा अडकले. मग दोन मिलिमीटर जाडीचे, 14 गेजचे तीन स्पोक डब्याच्या तळाशी सापडले आणि त्यातला पहिलाच बोटाने सरसर फिरत गेला. तुटलेला स्पोक शेजारी ठेवून माप घेतलं, डोकं कापलं आणि टोक व्हाइसमध्ये धरलं. पहिला वाक काटकोनात. मग पक्कडीने हबच्या पत्र्याच्या जाडीएवढं अंतर सोडून दुसरा वाक उलट बाजूला. हे अंतर जास्त झालं की आकडा भोकात खुळखुळतो, कमी झालं की बसतच नाही. पहिला स्पोक वाया गेला. आता दोनच उरले. ते करताना कपाळाला घाम आला होता, एवढ्या थंडीत.

तोवर बायको बाहेर आली. तिने बाईंना चहा दिला तर त्यांच्या हातातून कप निसटला. त्यांच्या दोन्ही हातांची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर झालं होतं. तासन् तास हँडलवर तळहाताचा दाब आला की नस दबते, म्हणाल्या. संध्याकाळपासून त्या गिअर बोटाने नाही, पंजाने बदलत होत्या. पोटही बिघडलं होतं. दिवसभर गोड खाऊन आता गोडाचा वासही नको वाटत होता. बायकोने काही विचारलं नाही, मऊ भातात ताक आणि मीठ कालवून वाटी समोर ठेवली. त्यांनी ती संपवली, आणखी मागून घेतली. बाबांसाठी तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडल्या होत्या, त्याही बचकभर खाल्ल्या. तोंडावर थोडी तरतरी आली.

दोन्ही आकडे बसले. आता आउट, म्हणजे रिमचा वाकडेपणा, काढायचा. ब्रेकजवळ खडू धरून चाक हळू फिरवलं. जिथं रिम बाहेर येतं तिथं खडू उमटतो. त्या बाजूचं निपल पाव फेरा ढिलं, समोरचं पाव फेरा घट्ट. या कामात घाई केली की चाक हातचं जातं. मी पाव-पाव फेऱ्यानेच गेलो. आउट निघाल्यावर दोन-दोन स्पोक मुठीत धरून दाबले, म्हणजे आकडे जागी बसतात. कुठंतरी कुरकुर आवाज आला, पुन्हा आउट पाहिला, पुन्हा थोडा काढला.

मग बाबा उठून आले. भिंत धरत, स्टुलावर बसले. म्हणाले, "वाजव."

गिअरच्या बाजूचा एकेक स्पोक मी बोटाने छेडत गेलो. ताणलेला स्पोक टणकन वाजतो, ढिला भद्द. बाबांनी डोळे मिटले होते. आकड्यांपासून तिसऱ्यावर हात वर केला. "हा ढिला हाये." मी पुन्हा वाजवला, मला फरक कळला नाही. चावी लावली, खरंच अर्धा फेरा आरामात फिरला. शेजारचे दोन तुटल्यावर सगळा ओढा याच्यावर आला होता आणि त्याचं निपल सरकलं होतं. माझ्या हातून तो तसाच सुटला असता.

अकराला काम संपलं. पैसे घ्यायला मी नाही म्हटलं, त्यांनी बाबांच्या हातात ठेवले. मी म्हणालो, "ताई, मी गाडी काढतो. देवळीपर्यंत मागे राहतो. कापसाचे ट्रॅक्टर या दिवसांत रात्रभर चालतात, मागे दिवा नसतो. बैलबंड्या उलट्या बाजूने येतात. पुलाच्या आसपास रानडुकरं, रोही आडवे जातात."

त्या नाही म्हणाल्या. रस्त्यात लागलेल्या दुकानात दुरुस्ती चालते, पण मागे गाडी चालत नाही. ज्याने त्याने आपल्या भरवशावर जायचं, हाच नियम आहे.

"कोण पाहतंय इथं, रात्री?"

"मी पाहते ना दादा," त्या म्हणाल्या आणि पुढचा दिवा लावला.

मी जास्त आग्रह केला नाही. पण लाल दिवा वळणाआड जाईपर्यंत रस्त्यावर उभा राहिलो.

झोप आली नाही. बाबाही जागे होते. माझ्या जन्माआधी ते सायकलचं सामान आणायला वर्ध्याला सायकलनेच जायचे, त्याच दिवशी परत, येऊन-जाऊन शंभरच्या घरात. कॅरिअरला टायरची बंडलं, समोरून वारा. ते त्याला काही विशेष म्हणत नाहीत, गरज होती म्हणून गेलो म्हणतात. मी त्यांना विचारलं की या बाईला काय गरज? बराच वेळ त्यांनी उत्तर दिलं नाही. मग म्हणाले, "तिची तिले माहीत."

मी मोबाइलवर शोधत बसलो. ऑस्ट्रियाच्या ख्रिस्टोफ श्ट्रासर नावाच्या माणसाने 2021 मध्ये 24 तासांत 1026 किलोमीटर सायकल चालवली आहे, साध्या सायकलवर, पुढे कोणाचा आडोसा न घेता हजारावर जाणारा तो पहिलाच. ते विमानतळाच्या सपाट, बंद रस्त्यावर होतं. तरीही मन थरारलं. आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ 2017 मध्ये अमेरिका आडवी पार करण्याच्या शर्यतीत 12 दिवसांच्या मुदतीत पोचले, सुमारे 4800 किलोमीटर. फ्रान्समधलं पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस 1891 पासून आहे, 1200 किलोमीटर आणि 90 तास. तिथं जायचं तर त्याच हंगामात 200, 300, 400 आणि 600 पूर्ण करावे लागतात. ताईंनी बोलता बोलता 2027 म्हटलं होतं, त्याचा अर्थ मला तेव्हा लागला.

या वाटेने जाणाऱ्यांना मला एक सांगायचं आहे. एवढं अंतर जायच्या आधी महिनाभर पाय कमावता, मग एकदा चाकही उघडून पाहा. प्रत्येक स्पोक वाजवा, वाकणाजवळ बोट फिरवा. आपल्या चाकाच्या मापाचे दोन-तीन स्पोक निपलसकट फ्रेमला चिकटपट्टीने बांधून ठेवा, वजन काहीच नाही. आणि फाट्यावर दुकान टाकून बसलेल्या माझ्यासारख्यांनी 14 गेजचे स्पोक आणि ती गिअरची चावी ठेवावी. मी दोन्ही मागवली आहेत. काय खपणार, असं पुरवठादार म्हणाला. खपायचा प्रश्नच नाही. रात्री साडेनऊला कोणी चाक उचलून चालत आलं तर माझ्याकडे नाही, असं मला पुन्हा म्हणायचं नाही.

रविवारी सकाळी सव्वासातला फोन वाजला. नंबर अनोळखी होता, ताईंनी दुकानाच्या पाटीवरून माझा उतरवून घेतला होता.

"पोचले दादा. सात-बाराला. सव्वीस तास बारा मिनिटं." आवाज बसलेला होता. सेलूच्या पुढे डोळे मिटायला लागले, म्हणून एका बसथांब्यावर वीस मिनिटं आडव्या झाल्या होत्या. "दिवसात नाही बसलं. पण वेळेत बसलं."

मी विचारलं, "चाक घासलं का कुठं?"

"नाही. कुठंच नाही."

बाबा बाजेवर उठून बसले होते. मी सांगितलं तसं त्यांनी मान हलवली आणि हात पुढे करून म्हणाले, "तिले सांग, तो तिसरा पुन्हा एकदा कसून घे म्हणा. नवीन ताण हाये, उतरते."