छाट

आई बिड्या वळायची. मजुरी हजारावर. कारखान्यात माल द्यायला गेलं की तिथला माणूस कट्टे चाचपून सैल, बारीक, फाटक्या बिड्या बाजूला काढायचा. त्याला छाट म्हणतात. छाट निघाली की तेवढी मेहनत पाण्यात. लहानपणी त्या माणसाचा मला इतका राग यायचा की विचारू नका. आणि आता एकवीस वर्षं झाली, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात मी तेच काम करतेय. नाव फक्त वेगळं, चेकिंग-फोल्डिंग.

गेल्या वर्षी आमच्या खात्यात सुपरवायझरची जागा निघाली. डिप्लोमा झालेला एक पोरगा आला. पोरगा गुणी आहे, मला अक्का म्हणतो. पण सकाळी माझ्याकडून विचारून घ्यायचा आणि दुपारी तेच मला समजावून सांगायचा. आठवडाभर ऐकलं आणि मग घरी म्हटलं, मला काहीतरी शिकायचंय. नवरा म्हणाला, "आता? पंचेचाळिसाव्या वर्षी?" म्हटलं, मग काय साठीला शिकू?

मोबाइलवर शोधलं तर जाहिरातींचा पाऊस. एका क्लासमध्ये जाऊनही आले. अठरा हजार फी, नोकरीची हमी. आत कॉलेजची पोरं टायपिंग करत बसलेली. मला काय येतं हे तिथं कुणी विचारलंच नाही. फॉर्ममध्ये "अनुभव" लिहायला एक ओळ होती. लिहिलं, "२१ वर्षे टॉवेल चेकिंग". पुढे पेन सरकेना. एकवीस वर्षं चार शब्दांत संपली. फॉर्म तसाच घडी करून पर्समध्ये घातला आणि रिक्षा धरली.

त्यानंतर महिनाभराने बायरकडून मुंबईचा इन्स्पेक्टर आला. असे लोक नेहमीच येतात, आम्ही चहा देतो आणि लांब उभ्या राहतो. या खेपेला मी जवळ जाऊन उभी राहिले. लॉट ३,००० टॉवेलांचा. त्यातले त्याने वेगवेगळ्या खोक्यांतून फक्त १२५ काढले. मला हसूच आलं. आम्ही एकूण एक टॉवेल उलटसुलट करून बघतो आणि हा सव्वाशे बघून निकाल देणार! पण तो बघत होता तसं लिहीत होता. भोक, तेलाचा डाग, उसवलेली शिवण ही मेजर. सुटा राहिलेला धागा मायनर. जे त्याला दिसलं ते मला त्याच्या आधी दिसत होतं, हे मी छातीठोक सांगते. फरक एवढाच, की त्याच्याकडे रकाने होते.

धीर करून विचारलं, "साहेब, हे १२५ कुठून आले?" त्याने पॅकिंग स्लिपच्या पाठीमागे लिहून दिलं. याला एक्यूएल म्हणतात, म्हणजे लॉटमध्ये किती दोष चालवून घ्यायचे त्याची ठरलेली मर्यादा. १,२०१ ते ३,२०० नगांच्या लॉटला तपासणीच्या नेहमीच्या पातळीवर १२५ नग काढायचे. मेजर दोषांसाठी २.५ ही मर्यादा ठरली असेल तर त्यात ७ निघाले तरी लॉट पास, आठवा निघाला की नापास. ती स्लिप अजून माझ्याकडे आहे, प्लास्टिकमध्ये घालून ठेवलीय.

मग मी वही घातली. शंभर पानी, साधी. टॉवेल कुठल्या मागावरचा, कुठल्या पाळीचा, दोष काय. "हलका लागतोय" असं बोलणं बंद केलं. ७० बाय १४० सेंटिमीटरचा टॉवेल म्हणजे ०.९८ चौरस मीटर. तो ४९० ग्रॅम भरला तर जीएसएम, म्हणजे चौरस मीटरमागे ग्रॅम, ५००, आणि ४७० भरला तर ४८० च्या आसपास. हात आधीच सांगत होता, आता आकडाही सांगायला लागला. सहा आठवड्यांनी वही चाळली तर ओढलेल्या लूपचे, म्हणजे टॉवेलवरच्या धाग्याच्या फाशांचे, बहुतेक टॉवेल दोनच मागांवरचे. माग दुरुस्त ठेवणाऱ्या जॉबरला दाखवलं. तो आधी वैतागला, मग वाकून बघितलं तर कापड ओढून घेणाऱ्या रोलरवरची पट्टी खराब झालेली.

वालचंद कॉलेजला शिकणाऱ्या भाच्याने एनपीटीईएल या ऑनलाइन शिकवणाऱ्या साइटवरचे आयआयटीतले कोर्स दाखवले. ऐकायला फुकट, पैसे फक्त परीक्षेचे. स्वाध्यायाला २५ गुण, परीक्षेला ७५. टेक्स्टाइलचाच एक कोर्स लावला. इंग्रजी थांबवून थांबवून ऐकत तिसऱ्या आठवड्यापर्यंत पोचले आणि गड्ड्याच्या जत्रेत पाहुणे आले ते राहिलंच. पुन्हा लावेन. दुसरं म्हणजे आरपीएल. कौशल्य विकास योजनेत आधीपासून येत असलेल्या कामाचीच परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देतात, पुन्हा अआइईपासून शिकवत नाहीत. त्याची चौकशी करून आलेय, आता बॅच कधी निघते याची वाट बघतेय. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, टॉवेलला आहे. तपासणाऱ्या बाईलाही एखादा कागद असायला काय हरकत आहे?

वही मालकांपर्यंत कशी पोचली कोण जाणे, मला जॉबरचा संशय आहे. माल बाहेर जाण्याआधीची आतली तपासणी आता माझ्याकडे आहे. पगारात फार फरक नाही, पण रिपोर्टवर सही माझी. सुपरवायझर पोरगा आता रकाने विचारायला येतो. येऊ दे की.

गेल्या महिन्यात पहिल्यांदा आमच्याच खात्याचा लॉट माझ्या हाताने तपासला गेला. १२५ मध्ये ९ मेजर. दोनदा मोजले, तरी नऊच. नापास लिहिलं आणि सही केली. सगळी खोकी फोडून पुन्हा बघायची म्हणजे पोरींचे दोन दिवस गेले. कुणी काही बोललं नाही. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले, कडक भाकरी मोडल्या, शेंगाचटणीची वाटी सगळ्यांपुढून फिरली आणि माझ्या अलीकडच्या ताटापाशी थांबली. दुसऱ्या दिवशीही तिथंच थांबली. मी दह्याशी खाल्लं.

तिसऱ्या दिवशी वाटी पुढे सरकली. जरा रिकामीच होती.